नरसाळ्यात दोन कळशा पाणी ओतावे

आमच्या वाडीत संगमरवर एकाच ठिकाणी आहे, पंपघराच्या भिंतीवर. देवळाला साध्या लाद्या आहेत, शाळेला कोबा आहे, पंपघराला मात्र संगमरवरी फलक. त्यावर कोरून काळा रंग भरलेली अक्षरं अशी:

पंप सुरू करण्याची रीत. १. बाहेरील नरसाळ्यात दोन कळशा पाणी ओतावे. २. आतील डावा व्हॉल्व्ह अर्धा फेरा ढिला करावा. ३. हिरवे बटन दाबून दहापर्यंत मोजावे. ४. पाणी न चढल्यास पुन्हा एकपासून सुरुवात करावी.

आणि त्याखाली, रीतीच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत, मुंबई मंडळाच्या, म्हणजे वाडीतून मुंबईला गेलेल्यांच्या मंडळाच्या, सेक्रेटरींच्या वडलांचं नाव, स्मरणार्थ. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही त्या गृहस्थांची समाधी आहे आणि दर्शनाआधी दोन कळशा पाणी ओतायचा इथे नवस आहे.

वाडी पोलादपूरहून कुडपणच्या अंगाला चढताना लागते. एसटी जिथे वळून परत फिरते, तिथून अजून वर. विहीर खाली ओढ्याला, घरं आणि टाकी वर. खालचं पाणी वर चढवायचं काम माझी आई करते. वडील मुंबईत कँटीनमध्ये, शिमग्या-गणपतीला येतात. त्यामुळे वाडीचा पंप आणि आमचं घर, दोन्ही आईच्याच हातात. ही नेमणूक कुणी केली हे कुणाला आठवत नाही. आधीचा पंपवाला मुंबईला गेला, आई त्या वेळी विहिरीवर कपडे धूत होती, एवढंच कारण.

वाडीला पाणी हवं असलं की कड्याच्या तोंडाशी उभं राहून हाक मारायची, "काकी, पाणी सोड गो!" बस्स. आई आत काय करते, कुठला व्हॉल्व्ह पिळते, पंपाला काय शिव्या देते, हे वाडीतल्या कुणाला माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही नव्हती. हाक मारली की पाणी यायचं.

मग एका वर्षी आईला चार दिवस ताप आला आणि वाडी चार दिवस कोरडी राहिली. आता शहाण्या माणसांनी काय केलं असतं? आणखी एका माणसाला पंप शिकवला असता. मुंबई मंडळाने सभा घेतली आणि फलक केला. जुना पंप जमिनीवर बसायचा. त्याच्या पोटात आधी पाणी भरल्याशिवाय तो विहिरीतलं पाणी ओढायचाच नाही. म्हणून ते नरसाळं: भिंतीबाहेर पत्र्याचं तोंड, आणि भिंतीतून आत गेलेला लोखंडी पाइप. त्या एका पंपाची ती एक खोड दगडात कोरली गेली, खाली कुणाच्या तरी वडलांचं नाव लागलं, आणि खोडीचा कायदा झाला.

सहा वर्षांपूर्वी माघात नवी मोटार आली. ही पाण्यात बुडून बसणारी. तिला नरसाळं नको, व्हॉल्व्ह नको, दहा आकडे नकोत. जुना पंप भंगारात गेला. फलक राहिला. वडलांचं नाव भंगारात कोण घालणार?

नव्या मोटारीची खोड वेगळी. फाल्गुनात विहीर तळाला जाते. मोटार वीस मिनिटं चालली की पाणी संपतं. तेव्हा ती बंद करायची, झरा भरू द्यायचा, पुन्हा लावायची. कोरडी चालली तर जळते. कधी बंद करायची हे आई आवाजावरून ओळखते. "घसा बसल्यागत बोलाय लागली की समजायचं," ती म्हणते. दुसऱ्या कुणाला तो घसा ऐकू येत नाही. त्यामुळे शिमग्याला, म्हणजे अर्धी कुलपं उघडून वाडी दुप्पट भरते तेव्हा, आई दिवसभर खाली मोटारीचा घसा ऐकत बसलेली. आणि वर ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरत असते. आमच्या दारात पालखी येते, ढोल वाजतो, आणि देवीची ओटी भरायला घरची बाई नसते. शेजारची काकू भरते. असं ओळीने सहा वर्षं झालं.

गेल्या दिवाळीत आई मला म्हणाली, "तू येवडं शिकलीस. माजं एक काम कर. या शिमग्याला मला दारात उभी राहू दे."

दुसरं काही तिने मला आजवर मागितलेलं नाही.

आता माझ्या शिकण्याबद्दल सांगते. सांगते म्हणजे मिरवते, माझा तो हक्क आहे. आमच्या वाडीत पदवी म्हणजे लग्नपत्रिकेत मुंबईच्या स्थळाच्या नावाखाली कंसात छापतात ती गोष्ट. ती हातात घेऊन पोलादपूरच्या स्टँडवर उतरलेली पहिली मीच. बी.एस्सी., संगणकशास्त्र, महाडच्या कॉलेजातून. रोज एसटीने. ज्यांनी "पोरीला संगणक शिकवून काय, पापडावर टाइप करणार काय?" असं विचारलं, तेच आता मोबाइल अडकला की माझ्याकडे येतात. मी नीट करून देते, पण आधी पापडाची आठवण काढते.

नोकरी महाडातच. बाजारपेठेत दुकानांच्या वर एक लहान कचेरी, पाच माणसं. आम्ही टाक्यांची पातळी मोजणारी आणि पंप चालवणारी यंत्रं बनवतो. इमारतींच्या सोसायट्या, एमआयडीसीतले एकदोन कारखाने, दासगावच्या बाजूची एक वसाहत, ही आमची गिऱ्हाइकं. कोडवर अंतिम शब्द चालतो तो सरांचा. सर पुण्याचे. महाडला सात वर्षं झाली तरी पावसात नदी चढली की "तुमच्या महाडला पाणी आलं वाटतं" असंच म्हणतात, आणि हे म्हणताना स्वतः गुडघाभर पाण्यात उभे असतात.

माझ्या वाडीचं काम कचेरीने घेतलं. मुंबई मंडळाचं पत्र आलं होतं, त्यामुळे सर नाही म्हणाले नाहीत. पंपघरात एक छोटा डबा बसवायचा. चहाच्या पुड्याएवढा, पण पूर्ण कॉम्प्युटर, लिनक्सवर चालणारा. मोटारीच्या स्टार्टरपाशी पत्र्याच्या पेटीत रिलेची, म्हणजे डब्याच्या सांगण्यावरून मोटार चालूबंद करणाऱ्या खटक्यांची, पट्टी. तिला टाकीची आणि विहिरीची वायर जोडायची, आणि तिच्यापासून डब्यापर्यंत एक यूएसबीची केबल. विहीर तळाला गेली की डबा मोटार थांबवणार, झरा भरला की लावणार. आईचा कान डब्यात घालायचा, एवढंच काम.

पंप चालवायचं कोड आमच्याकडे तयार होतं, सामाईक लायब्ररीत. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. अनेक प्रोग्रामना लागणारं काम एकदाच लिहून ठेवायचं आणि ज्याला हवं त्याने हाक मारून करून घ्यायचं, ती लायब्ररी. हाक कशी मारायची एवढंच सांगणारी तिची एक दर्शनी फाइल असते, तिला हेडर म्हणतात. आत कितीही राडा असो, दर्शनी भागात फक्त हाका असाव्यात. निदान कॉलेजात तरी मला असं शिकवलं होतं.

मी आमचं हेडर उघडलं आणि पहिल्याच ओळीत विंडोज. विंडोजची म्हणून जी मोठी फाइल आहे, ती सरांनी दारातच आत घेतली होती. ती एकटी येत नाही. शिमग्याला आलेल्या मुंबईकरासारखी येते, बोलावला एक आणि उतरले जीपभर. 'मिन' आणि 'मॅक्स' अशी साधी नावंसुद्धा ती आल्याआल्या बळकावते, मग तुमच्या प्रोग्राममध्ये त्या नावाचं काही असलं की ते मोडतं, आणि का मोडलं हे शोधण्यात दुपार जाते. त्याखाली 'पंप लाव' ही हाक. पण नुसती हाक चालायची नाही. सोबत द्यायचं 'कॉम थ्री', म्हणजे केबल जिथे खुपसतात त्या जागेला विंडोजने दिलेलं नाव. आणि द्यायचं हँडल, म्हणजे त्या जागेची विंडोजच्याच हातात असलेली मूठ. लिनक्सला कॉम थ्री ठाऊक नाही, ती मूठही ठाऊक नाही. माझ्या डब्यात ती लायब्ररी बांधायला, म्हणजे त्या मशीनवर चालेल अशी तयार करायला घेतली, तर पहिल्याच ओळीला आडवी झाली.

मी स्क्रीनकडे बघत बसले. हे मी आधी कुठेतरी वाचलं होतं. नरसाळ्यात दोन कळशा पाणी ओतावे.

सरांकडे गेले. म्हटलं, "सर, हेडरमध्ये विंडोज आहे."

"असणारच. सगळीकडे विंडोजच आहे."

"माझ्या डब्यात नाही."

"अगं, तुमच्या पोलादपूरच्या डोंगरात लिनक्स वापरणार कोण? माकडं?"

"माकडं नाही, सर. माझी आई."

कचेरीत कुणीतरी हसलं. सरांनी कुणी हसलं ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, "बरं. त्यात काय एवढं? इफ-डेफ टाक."

इफ-डेफ म्हणजे त्याच दर्शनी फाइलमध्ये लिहायचं: विंडोज असेल तर ही ओळ, लिनक्स असेल तर ती. म्हणजे पहिला फलक तसाच ठेवून शेजारी दुसरा ठोकायचा. नोकरीत नवी होते, टाकलं. नऊ ठिकाणी 'असेल तर' आलं. डब्यावर लायब्ररी बांधली गेली. सर म्हणाले, "बघ! पाच मिनिटांचं काम."

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा मुंबईहून फोन. त्यांच्यासाठी आम्ही मोबाइलचं ॲप केलं होतं. मुंबईत बसून वाडीच्या टाकीची पातळी बघायची त्यांना हौस. वाडीत राहून टाकी भरायची हौस मात्र कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही.

"मॅडम," सेक्रेटरी म्हणाले, "तुमचा ॲप उघडतो आणि लगेच लाजतो."

"लाजतो म्हणजे?"

"म्हणजे तोंड दाखवतो आणि आत पळतो. नव्या नवरीवानी."

शोधलं. फोनच्या पोटात खाली लिनक्सच असतं. त्यामुळे 'लिनक्स असेल तर' ही ओळ फोनने आपल्यालाच सांगितलीय असं मानलं आणि तो केबल शोधायला गेला. फोनला बिचाऱ्याला कुठली पंपाची केबल? नाही मिळाली, बसला मान टाकून. सरांना सांगितलं. सर म्हणाले, "मग आणखी एक इफ-डेफ. लिनक्स असेल पण फोन नसेल तर."

इथे मी सरळ बोलले. मला गोड बोलता येत नाही, घरी कुणी शिकवलंच नाही. "सर, हे असंच चालू ठेवलं तर पुढच्या वर्षी हेडरमध्ये हाका चार आणि अटी चाळीस असतील. पाणी मागणाऱ्याने मोटार कुठल्या जातीची आहे हे का सांगायचं? मला आठ दिवस द्या. बाहेर फक्त हाका ठेवते."

"इतकं सोवळं कशाला?"

"घरी पाहुणा आला की आपण त्याला पडवीत बसवतो सर, चुलीवर नाही."

"आठ दिवस घे," सर म्हणाले, "पण सोसायट्यांचं चालू असलेलं काही बंद पडलं तर त्यांचे फोन तू घ्यायचे."

घेतले. दोन बंद पडल्या, फोन आले, शिव्या खाल्ल्या, नीट केल्या. आठाचे अकरा दिवस झाले. पण हेडर असं झालं की आईला वाचून दाखवलं असतं तर तिलाही कळलं असतं. हाका पाच: जोड, पातळी सांग, पंप लाव, पंप थांबव, सोड. 'जोड' म्हटलं की एक बिल्ला मिळतो, देवळाबाहेर चपला ठेवल्यावर देतात तसा. चप्पल आत कुठल्या फळीवर आहे ते बिल्ल्यावर लिहिलेलं नसतं. पुढची प्रत्येक हाक तो बिल्ला दाखवून मारायची. विंडोजचं सगळं आतल्या एका फाइलमध्ये कोंडलं, लिनक्सचं दुसऱ्या, फोनचं तिसऱ्या. केबलच्या जागेचं नाव ज्या त्या मशीनच्या सेटिंगमध्ये. आणि 'असेल तर' बाहेर एकही नाही.

सरांनी मालकांना मेल पाठवला: "आम्ही इंटरफेस स्वच्छ केला आहे." आम्ही! मला आईच्या पंपघराचा फलक आठवला. पाणी सोडते कोण आणि दगडावर नाव कुणाचं.

शिमग्याच्या आठवडाभर आधी मी डबा घेऊन वाडीवर गेले. आणि आता ज्या मूर्खपणाबद्दल लिहायचं आहे तो सरांचा नाही, मंडळाचा नाही, माझा स्वतःचा आहे.

टाकीवरून आलेली वायर पंपघरात घ्यायची होती. भिंत काळ्या दगडाची. भोक पाडायला घेतलं तर ड्रिलचं टोक तुटलं. इकडेतिकडे बघते तर जुन्या नरसाळ्याचा पाइप भिंतीतून आयता आत गेलेला. वायर नरसाळ्यात सोडली, पाइपातून आत ओढली, भिंतीने रिलेच्या पेटीपर्यंत नेली. डबा ठेवला जुन्या पंपाच्या चौथऱ्यावर, पाइपाच्या बरोबर खाली, कारण जागा सपाट होती. पाच मिनिटांत काम. स्वतःवर खूश होऊन बसले.

आई बघत होती. "नरसाळ्यात का गो घातलीस वायर?"

"जुना पंप गेला ना आई. आता नरसाळ्याचं काय काम?"

"वर फलक हाय."

"तो कोण वाचतंय?"

आईने ड्रिलचं तुटलेलं टोक उचलून कोनाड्यात ठेवलं. शिकलेल्या लेकीपुढे ती गप्प बसते. हा माझ्या शिक्षणाचा एक तोटा.

आठवडाभर डबा उत्तम चालला. विहीर तळाला गेली की मोटार थांबायची, भरली की लागायची. आई वर अंगणात बसून फोनवर टाकीची पातळी बघायची आणि तरी कान खाली लावायची. "बरोबर थांबवली," ती नाइलाजाने म्हणायची, जणू नवी सून पहिल्याच दिवशी भाकरी गोल थापते आहे.

पालखीच्या दिवशी सकाळी वाडी भरलेली. ढोल वरच्या आळीपासून सुरू झाला. आईने नवी साडी नेसली, ओटीचं तबक भरलं, दोनदा पुसलं, आणि दारात उभी राहिली. पालखी अजून दहा घरं लांब होती, तरी उभी राहिली. तेवढ्यात लाइट गेली. शिमग्याला लाइट जाणं म्हणजे बातमी नव्हे. आली की डबा आपोआप उठून कामाला लागणार होता. पण टाकी निम्मी झाली होती, आणि लाइट जाण्याआधी डब्याने दिलेला तो आकडा सेक्रेटरींनी आपल्या फोनवर पाहिला. काल रात्री उतरलेले, पन्नाशीचे, पांढरी पँट, गळ्यात मंडळाचा बिल्ला. ते कुणाला न विचारता खाली गेले. सोबत व्हिडिओ काढायला दोघे.

अर्ध्या तासाने घामाघूम होऊन वर आले, थेट आमच्या अंगणात.

"वहिनी, काळजी सोडा," ते आईला म्हणाले. "मशीन अडली होती. मी स्वतः दोन कळशा टाकून आलो. लाइट आली की चढेल पाणी."

"कुठं टाकल्या?" मी विचारलं.

"कुठं म्हणजे? नरसाळ्यात. रीतीप्रमाणे."

"त्यात वायर होती ना!"

"होती. मला वाटलं, कुणीतरी पोरांनी खोडी केलीय. बाजूला सारली आणि ओतलं. फलकावर वायरचं काय लिहिलेलं नाही, मॅडम."

नव्हतंच लिहिलेलं. माणूस वाचून वागला होता. मला जी शिवी द्यायची होती ती कुणाला द्यायची हे पटकन ठरेना.

लाइट आली. आईच्या फोनवरची पातळी हलली नाही. दोन कळशा पाणी पाइपातून सरळ माझ्या डब्यावर पडलं होतं. डबा संपला होता. पालखी चार घरांवर आली होती.

आईने तबक जोत्यावर ठेवलं आणि पदर खोचला. "जाते मी."

"आई, थांब."

"थांबून काय? वाडी भरलीय. मोटार कोन बघनार, तू? तुला आवाज कळतो?"

कळत नव्हता. बी.एस्सी.ला आवाज हा विषय नव्हता. वाडीतल्या तीस घरांत पाहुणे, टाकी निम्मी, आणि हाताने मोटार चालवायची तर आईच हवी. सहाची सात वर्षं होणार होती, आणि या वेळी माझ्या डब्यामुळे.

तेव्हा मला सेक्रेटरींच्या पाठीवरची बॅग दिसली.

"तुमच्या बॅगेत लॅपटॉप आहे?"

"ऑफिसचा आहे. सुट्टीतपण मीटिंग असते माझी, कधीही लागते..."

"विंडोज?"

"मग काय? ओरिजिनल."

आयुष्यात पहिल्यांदा मला विंडोजचं नाव ऐकून बरं वाटलं. पंप चालवणारा छोटा प्रोग्राम मी कचेरीत दोन्हींसाठी बांधला होता, आणि दोन्ही माझ्या पेन ड्राइव्हवर होते. प्रोग्राममधली एक ओळही बदलायची नव्हती. तो फक्त पाच हाका मारत होता, आणि ऐकणारा कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. रिलेची पेटी दुसऱ्या भिंतीला, कोरडी होती.

"आई, तबक उचल," मी म्हटलं. "दारातून हललीस तर माझी शपथ."

उतारावरून पळत गेले. मागून सेक्रेटरी, लॅपटॉपच्या काळजीने.

"ओला नका करू हं, मॅडम!"

"मी नाही करत, काका. मी फलक वाचत नाही."

केबल डब्यातून काढून लॅपटॉपला लावली. विंडोजने तिला नाव दिलं, तेही कॉम थ्रीच. सर इथे असते तर टाळ्या पिटल्या असत्या. ते नाव सेटिंगमध्ये लिहिलं, प्रोग्राम चालू केला. पातळी आली. मग स्टार्टर 'खट' बोलला आणि मोटार लागली. सेक्रेटरी हात जोडून उभे राहिले. मोटारीला की वडलांच्या फलकाला, ते मी विचारलं नाही.

मी तिथून हलले नाही. विहीर तळाला गेल्यावर प्रोग्राम मोटार थांबवतो का, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय जाणं शक्य नव्हतं. आठवडाभर चाललं होतं ते डब्यावर, यावर नाही. वर ढोल आमच्या दारात आला, कळत होतं. आमच्या अंगणात आवाज घुमतो, तो वेगळाच ऐकू येतो. सेक्रेटरी कधीच वर पळाले होते. मी चौथऱ्यावर लॅपटॉपसमोर बसून आकडे उतरताना बघत होते. सहा वर्षं आई जिथे बसली, तिथेच. फरक एवढाच की तिला बघावं लागत नव्हतं. वीस मिनिटांनी मोटार आपली आपण थांबली. त्याच्या थोडं आधी तिचा आवाज खरोखरच बसला होता. मी ऐकला.

वर गेले तेव्हा पालखी पुढच्या आळीला गेली होती. आई दारातच होती. तबकात तांदळाचे चार दाणे उरले होते. "नीट भरली ओटी," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तू नाय बघितलीस." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी." एवढंच. आमच्या घरात याहून जास्त बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी गावकीची सभा बसली. मी उभी राहिले. बायका तिथे उभ्या राहत नाहीत, राहिल्या तर पाणी द्यायला. म्हटलं, "तो फलक काढा. पाणी मागणाऱ्याला पंपाच्या पोटातलं काही सांगायची गरज नाही. उद्या तिसरी मोटार येईल, तेव्हाही हाच घोळ होणार."

"माझ्या वडलांचं नाव हाय त्याच्यावर," सेक्रेटरी म्हणाले. मुंबईचं मराठी एका क्षणात उतरलं होतं.

"नाव ठेवा. रीत तेवढी घासून काढा."

"अर्धा फलक घासायचा? मेलेल्या माणसाचा?"

चर्चा तासभर झाली. ठराव असा झाला की जुना फलक राहील, आणि शेजारी नवा लागेल: 'शेजारील सूचना जुन्या पंपासाठी. नवीन पंप असल्यास नरसाळ्यात पाणी ओतू नये.' मी कपाळाला हात लावला. सर सभेला आले नव्हते, पण त्यांचा ठराव एकमताने पास झाला होता.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे शेवटी विंडोजच धावून आलं!"

"धावून मी गेले, सर. उतारावरून."

पण ते ऐकत नव्हते. तेव्हापासून नवा मुलगा कामावर आला की त्याला ही गोष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात, "आपला इंटरफेसच तसा केलाय आपण."

नव्या फलकाचा दगड पोलादपुरात तयार झाला. सेक्रेटरींचा फोन आला: सौजन्य म्हणून तुमचं नाव घालायचं ठरलंय, तुम्हीच सुचवलंत ना? मी ठाम नाही म्हटलं. चुकीच्या गोष्टीवर नाव नको, असं त्यांना सुनावलं. ते म्हणाले, "नावापुढे बी.एस्सी. पण कोरतोय." मी दोन दिवस विचार केला. मग फोन करून सांगितलं की नुसतं बी.एस्सी. नको, पुढे संगणकशास्त्रही येऊ द्या.

गेल्या महिन्यात घरी गेले तेव्हा दोन्ही फलक शेजारीशेजारी होते. माझं नाव छान दिसतं, खोटं कशाला बोलू. खाली नरसाळं बघितलं तर वायर त्यात नव्हती. आईने दगडांच्या सांध्यातून दुसरी वाट काढून ती आत नेली होती. आणि नरसाळ्याच्या तोंडात नारळाची करवंटी ठोकून वरून सिमेंट थापलं होतं.

"आई, आता दोन-दोन फलक झाले," मी म्हटलं. "माणसं काय काय वाचतील आणि काय काय करतील."

"वाचूं दे," आई म्हणाली. "वतायला जागाच ठेवली नाय मी."